उंबऱ्याबाहेरची गाडी

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा मला रडू आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक आहे. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या गळ्यात पडून रडायच्या आणि मग जरा मागं सरून माझ्या तोंडाकडं बघायच्या. एका मावशींनी तर ‘रड गं, मोकळी हो’ म्हणत पाठीत असा धपाटा घातला की दोन दिवस पाठ ठणकत होती. मी त्यांना चहा करून दिला. त्या दिवसांत मी चहाच खूप केला.

तो विहिरीवरच्या मोटारींच्या दुकानात कामाला होता. गावोगाव जायचं, बंद पडलेली मोटार बघायची, जमली तर तिथंच दुरुस्त करायची. एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, मोडनिंबच्या अलीकडं, मोटारसायकलवरून येताना, मागून एका गाडीनं त्याला उडवलं. ती गाडी थांबली नाही. कागदांवर तिचा उल्लेख ‘अज्ञात वाहन’ असा आहे. राग धरायचा तर कुणावर धरायचा? मी कुणावरच धरला नाही. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

मी युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात तपासणीला आहे. कापणारा वेगळा, कॉलर लावणारी वेगळी, बाही जोडणारी वेगळी, काजं करणारी वेगळी. अशा दहा हातांतून शाळेचा शर्ट माझ्या टेबलावर येतो आणि मी त्यावरून तळहात फिरवते. डोळ्याला न दिसलेली गाठ हाताला लागते. लागली की माल परत. लग्न मोडून मी माहेरी आले तेव्हापासून हेच काम करते. घरात आई, भाऊ आणि मी असे तिघं होतो. मग आई आणि मी.

मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं आणि कागदांचं सगळं आईवर आलं. पोलीस ठाणं, पंचनामा, भरपाईचा अर्ज, कोर्टाच्या तारखा. मोटारसायकल तो वापरायचा, पण कागदावर ती माझी होती. तो नोकरीला लागला तेव्हा त्याच्याकडं पगाराची स्लिप नव्हती, माझ्याकडं होती, म्हणून जुनी गाडी घेताना कर्ज माझ्या नावावर निघालं आणि आरसी बुकही. त्यामुळं सह्या माझ्या आणि लिहिणं आईचं असं चालायचं. आई सातवी शिकलेली, तीही मंगळवेढ्याकडच्या खेड्यात. प्रत्येक अर्जावर गाडीचा चासी नंबर लागायचा. सतरा इंग्रजी अक्षरं आणि आकडे. तिनं तो शाळेच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात उतरवून घेतला होता. ती वही कापडी पिशवीत घालून ती हिंडायची. मी घरी आले की ती चष्मा लावून कुठला तरी अर्ज भरत बसलेली असायची. दे, मी लिहिते, असं मी म्हणायचे.

‘ऱ्हाऊ दे,’ ती म्हणायची. ‘दिसभर लोकांचं शर्ट बघून आलीस.’

मला ते बरंच वाटायचं. मी हातपाय धुऊन भाकरी टाकायला बसायचे.

पोलिसांनी गाडी सोडली तेव्हा आईनं ती दारात येऊ दिली नाही. आमच्याकडं घात झालेली गाडी उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बरेच लोक परगावच्या माणसाला येईल त्या भावात देऊन मोकळे होतात. ‘तिनं खाल्लं माझ्या पोराला,’ आई म्हणाली, ‘माझ्या नजरंसमोर नको.’ पण केस मिटेपर्यंत विकताही येत नव्हती. म्हणून विजापूर वेशीकडच्या गॅरेजात, मागच्या शेडमध्ये, ती ताडपत्रीखाली पडून राहिली. गॅरेजवाले चाचा भावाचे जुने दोस्त. दोस्त म्हणायचं, पण वयानं वडिलांएवढे. रविवारी भाऊ तिथंच असायचा. जेवायला बोलवायला मलाच जावं लागायचं.

दोन वर्षं गेली. केस मिटली. मग एक दिवस चाचांचा फोन आला.

‘ताई, रस्ता रुंद होतोय. माझं मागचं शेड जातंय. ती गाडी ठेवायला जागा न्हाय. क्या करना, बोलो.’

मी दुपारच्या सुट्टीत गेले. मनात दुसरं काही नव्हतं. भंगारात द्या म्हणायचं आणि दोनच्या आत टेबलावर परत यायचं. चाचांनी ताडपत्री ओढली. मागचं चाक दुमडलेलं, पुढचं पडताना वाकलेलं, सीट उखडलेली, मागच्या नळ्या एका बाजूला वळलेल्या. टाकी पडताना चेपलेली. पुढची चासी, म्हणजे सांगाड्याचा पुढचा भाग, मात्र जशीच्या तशी होती. उजव्या मुठीचं रबर तळव्यानं घासून गुळगुळीत झालेलं. मी त्यावर हात ठेवला. रबर होतं. उन्हानं गरम झालेलं होतं. आणखी काही नव्हतं.

भंगारवाल्याचा टेम्पो लहान, म्हणून दोन तुकडे करूनच गाडी चढवायची होती. चाचांनी गॅसकटर पेटवला आणि निळी ज्योत चासीच्या मानेजवळ, हँडलच्या खाली नेली.

‘थांबा,’ मी म्हणाले.

‘क्या हुआ?’

‘तोडू नका. बांधा तिला.’

चाचांनी कटर विझवला, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडं बघत राहिले. ‘पीछे का सब गया, ताई. चालवणार कोन?’

‘मी. मिळतील तिथले जुने पार्ट घ्या, पण गाडी उभी करा.’

त्या क्षणी मला भाऊ दिसला, डोळे भरून आले, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. ती ज्योत तिथं लागायला नको होती, एवढंच. मी कारखान्यात परतले तेव्हा सव्वादोन झाले होते आणि सुपरवायझरनं तोंड वाकडं केलं.

घरी आई उखळात शेंगाची चटणी कुटत होती. मी तिला सांगितलं की शेअर रिक्षात कोंबून घेऊन जायचा मला कंटाळा आलाय, नवी गाडी घेण्याएवढा पगार मला नाही, तर चाचांकडून भंगारातले पार्ट जुळवून स्वस्तातली एक गाडी बांधून घेते. आईचा हात थांबला.

‘त्येच्या गाडीचं काय न्हाय न्हवं त्यात?’

‘नाही.’

‘एक नटबी?’

‘नाही म्हटलं ना.’

‘मग माझ्या डोस्क्यावर हात ठेव.’

ही आमच्या घरातली शेवटची शपथ. खोटं बोललं तर जिच्या डोक्यावर हात ठेवला ती जाते, असं लहानपणापासून ऐकलेलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी हात ठेवला. केसांना तेल होतं. भांगातून तळव्याला ऊब लागली. ‘नाही,’ मी म्हणाले. आईचा हात पुन्हा चालू झाला. मी तीच चटणी घेऊन दोन भाकरी खाल्ल्या.

पुढचे सहा-सात महिने रविवार गॅरेजात गेले. मागच्या वाकड्या नळ्या चाचांनी कापल्या आणि दुसऱ्या एका गाडीच्या जोडल्या. आत लोखंडी नळी सरकवली आणि वरून वेल्डिंग केलं. म्हणजे पुढची अर्धी चासी भावाची, मागची कुणाची तरी. इंजिनाचं कवच त्याचं, आतला पिस्टन आणि क्लचप्लेटा परक्या. टाकी मंगळवेढ्याच्या एका दूधवाल्याची होती. कॅन घासून घासून दोन्ही बाजूंनी खोलगट झालेली. तिच्यात किती दिवस ताकासारखा वास येत होता. पुढचं चाक आम्हाला अक्कलकोटला मिळालं, एका दुकानाच्या मागं चिंचेला टेकवून ठेवलेलं. दुकानदार कानडीत बोलत होता, चाचा दखनीत, आणि भाव मात्र मराठीत ठरला. हेडलाइट जुन्या स्कूटरचा. सायलेन्सर दोघांचे मिळून एक. शर्ट असा आला असता तर मी डोळे झाकून परत पाठवला असता.

मजुरीच्या बदल्यात मी चाचांच्या गिऱ्हाइकांची सीट कव्हरं शिवून द्यायचे. आमच्याकडं दप्तरं शिवायच्या विभागात रेक्झिनचे तुकडे उरतात, ते मी विचारून आणायचे. माझ्या गाडीची सीटही मीच शिवली, तीन रंगांच्या तुकड्यांची. गॅरेजात येणारी माणसं मला बघून आधी गप्प व्हायची, मग हळूच चाचांना विचारायची, ‘ह्या कोण?’ चाचा म्हणायचे, ‘मेरी नई मिस्त्री. जरा तोंडाची फाटकी हाय, सांभाळून बोला.’ मी पाना हातात घेऊन त्यांच्याकडं बघायचे. माणसं सांभाळून बोलायची.

गिअरची गाडी मला भावानंच शिकवली होती, एका मोकळ्या मैदानात, रविवारी सकाळी. मी क्लच फाडकन सोडायचे आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. ‘तायडे,’ तो म्हणायचा, ‘हळू सोड की. कोण हिसकावून घेतंय व्हय तुझ्याकडनं?’ गॅरेजात क्लचची वायर ओवताना मला हे शब्दन् शब्द आठवायचं. नुसतं आठवायचं. आवाजासकट आठवायचं आणि मी वायर ओवत राहायचे. त्या रविवारांनी मला बरं वाटायचं असं म्हणणार नाही. वेळ जायचा.

मध्ये एकदा चहा पिताना चाचांनी सहज विचारलं, ‘अम्मा को मालूम है ना, ही त्याचीच गाडी हाय म्हणून?’

मी खरं ते सांगितलं. शपथेचंही सांगितलं. चाचांनी कप खाली ठेवला.

‘अम्मा के सर पो हात रख के झूट बोले तुमे?’

त्या दिवशी त्यांनी माझ्या गाडीला हात लावला नाही. दुसऱ्याच एका गाडीचं चाक उगाच खोलून पुन्हा बसवलं. पुढच्या रविवारी गेले तेव्हा म्हणाले, ‘मी जाऊन सांगणार न्हाय. पण अम्मानं मला विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाय. तुमचं तुमी बघा.’

‘ती इकडं येणार नाही.’

‘नक्को आने दो,’ ते म्हणाले आणि पाना मागितला.

माझा विश्वास नव्हता, पण चाचांच्या तोंडावर तो दिसला आणि काहीतरी बिनसलं. आईला ठसका लागला की माझा घास थांबायचा. पहाटे जाग आली की आधी तिच्या पांघरुणाकडं नजर जायची, वरखाली होतंय ना ते बघायला. उन्हाळ्यात तिला ताप आला. साधाच, गल्लीत निम्म्या लोकांना आलेला. मी चार दिवस रजा टाकून तिच्या उशाशी बसले. डॉक्टरांना दोनदा घरी बोलावलं. ‘असं काय करतीस?’ आई म्हणाली, ‘ताप हाय, मराण न्हाय.’ मी पाण्याची पट्टी बदलली. भाऊ गेल्यापासून मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं, आणि आता वाटली ती भीती, तीही असल्या गोष्टीची. मला माझीच लाज वाटली. ताप उतरला तेव्हा सांगून टाकावं असं मनात आलं होतं. सांगितलं नाही. गाडी जवळजवळ पुरी होत आली होती.

रंगाचं काम चाचांनी एका पेंटरकडं दिलं. तो तेलुगू विणकरांच्या घरातला. लहानपणापासून घरच्या मागावर चादरी विणलेल्या, माग बंद पडला तेव्हा रंगात शिरलेला. विणकरांचा हात मला माहीत आहे. कापडात एक गाठ राहिली की व्यापारी अख्खी चादर परत करतो, म्हणून त्यांची बोटं सतत गाठ शोधत असतात. मी त्याला सांगितलं, ‘सगळीकडनं गुळगुळीत पाहिजे. मी हात फिरवला तर कुठं काही लागता कामा नये.’

‘अक्का,’ तो म्हणाला, ‘लागलं तर गाडी घेऊ नका.’

गाडी दिली तेव्हा त्याच्या तोंडावर मालकापेक्षा जास्त अभिमान होता. गडद निळा रंग, आमच्या कारखान्यातल्या शाळेच्या पँटीचा असतो तसा. दूधवाल्याचे खोलगट भाग नाहीसे झाले होते. वेल्डिंगचे जोड नाहीसे झाले होते. मी सगळीकडून तळहात फिरवला आणि पहिल्यांदाच कशात काही काढायला मिळालं नाही.

शनिवारी टेम्पोतून गाडी गल्लीत आली. आई दारात उभी राहून बघत होती. नंबर प्लेट मी आधीच काढून कपाटात लपवली होती. पुढं काय करायचं ते ठरवलं नव्हतं. आई गाडीभोवती एक चक्कर मारून आली, सीटच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

‘नंबर कुटाय गाडीचा?’

‘नवी प्लेट यायचीय.’

‘बरी दिसती की,’ ती म्हणाली. आत जाऊन नारळ घेऊन आली, चाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला. मग म्हणाली, ‘आत घे. गल्लीत पोरं खुडबूड करत्याली.’

‘नको,’ मी म्हणाले. ‘बाहेरच राहू दे.’

का म्हणाले? मला ती शपथ खरी वाटत नव्हती, घाताची गाडी वगैरे खरं वाटत नव्हतं, आणि तरी ती गाडी आईच्या उंबऱ्याच्या आत ढकलायला माझे हात धजेनात. मी ती खिडकीच्या गजाला साखळीनं बांधली.

गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली होती, त्यामुळं सोमवारी ती आरटीओत पासिंगला, म्हणजे तपासून घ्यायला, न्यायची होती. एजंटानं सांगितलं होतं, येताना चासी नंबरचा छाप घेऊन या. हँडलच्या खाली, मानेवर, लोखंडात ठोकलेला नंबर असतो. त्यावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल घासायची, नंबर पांढरा उठतो. पाच मिनिटांचं काम. रविवारी दुपारी आई आत पडली होती. मी कागद-पेन्सिल घेऊन बाहेर आले, हँडल वळवलं आणि मानेवर तळहात फिरवला.

हाताला काहीच लागलं नाही.

दुसऱ्या बाजूला बघितलं. पुन्हा या बाजूला बघितलं. निळा, चकचकीत, गुळगुळीत. मी पेंटरला फोन लावला. तो एका लग्नासाठी तेलंगणात गेला होता. मागं सनई वाजत होती.

‘मानेवर काय केलंस तू?’

‘अक्का, तिथं लई बारीक बारीक खड्डे होते, ओळीनं,’ तो आनंदानं म्हणाला. ‘गंजानं खाल्लेलं. लांबीची पुट्टी घेऊन एकेक खड्डा बसून भरला. अर्धा दिवस गेला बघा. लागतंय का हाताला?’

‘अरे, तो गाडीचा नंबर होता!’

सनई वाजत राहिली. ‘नंबर?’ तो म्हणाला.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. तीन वर्षांत मी कुणावर आवाज चढवला नव्हता, आणि आता लग्नघरातल्या एका बिचाऱ्या माणसावर, ज्यानं मी सांगितलं तेच केलं होतं, मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. राग आला होता, चांगला खणखणीत राग, आणि तो त्याच्यावर नव्हता हे मला ओरडतानाच कळत होतं.

आवाजानं आई बाहेर आली. काय झालं ते समोरच्या वहिनींनीच तिला सांगितलं. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन मानेशी वाकले.

‘सरक,’ आई म्हणाली. ‘सगळा रंग काढशील. त्येला बारीक पायजे.’

‘राहू दे आई. उद्या चाचांकडं नेते.’

‘उद्याच पासिंग हाय म्हनलीस की.’

तिनं आतून पाट आणला, गाडीपाशी टाकला, चष्मा लावला आणि बांगडीतली पिन काढली. आमच्याकडं बायकांच्या बांगडीत एक तरी सेफ्टी पिन अडकवलेली असतेच. तिनं मानेवर नखानं ठोकून बघितलं. लांबी जिथं होती तिथं आवाज वेगळा आला. तिथं पिनचं टोक लावलं आणि हळूहळू उकरायला लागली. पांढरी भुकटी तिच्या बोटांवर पडत होती. मी हँडल धरून उभी होते.

‘एम,’ ती म्हणाली.

कागदांनी तिला इंग्रजी अक्षरं शिकवली होती. फुंकर मारून पुढचं उकरलं. मग त्याच्या पुढचं. ती मोठ्यानं वाचत होती, मी लिहून घ्यावं म्हणून. सुरुवातीची अक्षरं एका कंपनीच्या सगळ्या गाड्यांना सारखीच असतात, हे मला चाचांनी सांगितलं होतं. त्या अक्षरांच्या भरवशावर मी उभी होते. सात झाली, आठ झाली. मला वाटत होतं, पिन मोडावी. कुणीतरी हाक मारावी. काही झालं तरी चालेल, पण तिनं थांबावं.

बाराव्यापाशी ती थांबली.

पिन बाजूला घेतली. पुढची जागा अजून निळी, गुळगुळीत होती. तिथं काहीच दिसत नव्हतं. त्या निळ्याकडं बघत आई म्हणाली, ‘चार. शून्य. सात. सात. एक.’

पेन्सिल माझ्या हातात होती, पण मी लिहिलं नाही. आईनं पुन्हा पिन लावली आणि ते पाचही आकडे एकेक करून उकरून काढले, आधीच्यांपेक्षाही सावकाश. चार निघाला. शून्य निघाला. सात, सात, एक. तिनं पदरानं सगळी ओळ पुसली. समोरच्या वहिनी आत गेल्या होत्या.

‘माझ्या डोस्क्यावर हात ठिवला हुतास तू,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘मला ताप आला तवा लई भ्याली असशील.’

‘हो.’

तिनं पिनचं टोक पुसलं, पिन मिटवून परत बांगडीत अडकवली. मग माझ्याकडं वर बघून म्हणाली, ‘मेली न्हाय की म्या.’

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिनं माझ्या हातातून कागद आणि पेन्सिल घेतली. कागद मानेवर ताणून धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. काळ्यावर पांढरा नंबर उठला, सगळा, एकही अक्षर न चुकता. तिनं तो कागद बराच वेळ हातात धरला. वहीतल्या नंबराशी ताडून बघायची तिला गरज नव्हती.

‘आत घे,’ ती म्हणाली.

‘आई, ही गाडी...’

‘कुनाची हाय ती मला सांगू नगंस. तीन वर्सं कागदावर लिवलंय म्या तिला. आता बाहीर कशाला ठिवायची? आत घे.’

मी साखळी सोडली. आमचा उंबरा उंच आहे. आई ज्या पाटावर बसली होती तोच तिनं उचलून उंबऱ्याला टेकवला. मी हँडल धरलं, ती मागं गेली आणि माझ्या तीन रंगांच्या सीटला दोन्ही हात लावले. पुढचं चाक चढलं. अक्कलकोटचं चाक आत आलं, हेडलाइट आला, निळी मान आली, आणि मग गाडी उंबऱ्यावर अडकली, निम्मी घरात आणि निम्मी गल्लीत. मी जोर लावायला खाली वाकले. उजव्या मुठीचं रबर माझ्या हाताखाली होतं. चाचांनी बरंच काही बदललं होतं, ते रबर मात्र बदललं नव्हतं, आणि माझा तळवा त्याच्या झिजलेल्या जागेत नेमका बसला.

तिथं मला रडू फुटलं. आवाज करून, नाक वाहात, गल्लीला ऐकू जाईल असं. हात हँडलवर, पुसायलाही सोय नाही. मागून आई ढकलत होती, तिचाही आवाज फुटला होता.

‘आधी गाडी आत घे,’ ती म्हणाली, ‘मग रड.’